आत्याच्या छातीतली शिट्टी

पळपुटीला दुसऱ्यांदा लाल कार्ड दाखवलं गेलं, तेव्हा तिची आत्या कठडा ओलांडून थेट मैदानात उतरली. प्रेक्षकांना उतरायची परवानगी नव्हती. पण आत्याच्या बाबतीत परवानगी हा शब्द घरच्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

"दाखवा मला," ती मशीनजवळ बसलेल्या पंचांना म्हणाली. "काय दिसलं तुमच्या त्या डबड्यात?"

पंच सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि बोट ठेवून समजावलं. पळणाऱ्या मुली पाय टेकवून बसतात त्या ठोकळ्यांवर जोर पडला की मशीनला कळतं. बंदूक वाजली की तेही कळतं. पळपुटीचा जोर आधी पडला होता, बंदूक नंतर वाजली होती. मधला वेळ पापणी लवायलाही पुरला नसता, पण होता.

"आवाज ऐकून निघाली असती तर ही रेघ इकडे, उजवीकडे आली असती," पंच म्हणाले. "ही अंदाजाने सुटली. जुगार खेळली म्हणा ना तुमची मुलगी."

"मुलगी नाही, भाची. आणि आमच्या घरात जुगार कुणी खेळत नाही. साधे पत्ते पिसता येत नाहीत कुणाला."

पळपुटी कमरेवर हात ठेवून तिथेच उभी होती. ती रडत नव्हती. तिच्या जागी दुसरी एखादी मुलगी असती तर एव्हाना आईच्या पदरात तोंड घालून बसली असती.

"मी बंदूक ऐकली," ती म्हणाली. "ऐकली आणि निघाले."

"मशीन खोटं बोलत नाही, बाळ."

"मीही बोलत नाही."

यावर पंचांनी नुसत्या भुवया उंचावल्या. आत्याच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या भुवयांमुळे. लाल कार्डाचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. घाई झाली, चुकली, असं कुणी म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं. पोरीला खोटारडी ठरवलेलं मात्र तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

आता एकच चाचणी उरली होती. त्या चाचणीत पहिल्या दोघी येतील त्यांना क्रीडाशाळेत घेणार होते. राहणं तिथे, शिकणं तिथे, पळायला खरा ट्रॅक, दुखलंखुपलं तर डॉक्टर. पुढच्या वर्षी पळपुटी वयात बसणार नव्हती. आणि तिसऱ्यांदा लाल कार्ड मिळालं तर प्रश्नच मिटला, परत घरी यायचं आणि शंभर मीटरचं नाव काढायचं नाही.

पळपुटी हे तिचं काही खरं नाव नव्हे. लहान असताना घरात आवाज चढायची चिन्हं दिसली की ती मागच्या दाराने नाहीशी व्हायची. ओरडणाऱ्याचं तोंड उघडेपर्यंत समोर नुसतं पायपुसणं उरायचं. बापाने थोडं कौतुकाने, थोडं वैतागून तिला पळपुटी म्हणायला सुरुवात केली. पुढे शाळेत ती शर्यतीमागून शर्यती जिंकायला लागली, तरी नाव तेच चिकटलं. पळणारीला पळपुटी म्हणायचं, यात आपण केवढा विनोद केला आहे असं बापाला अजूनही वाटायचं.

घरात चढणारा आवाज बहुतेक वेळा आत्याचाच असायचा, हेही सांगून टाकलेलं बरं.

आत्या लाकडाच्या वखारीत कामाला होती. खडबडीत फळी मशीनमध्ये एका बाजूने ढकलायची, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत होऊन बाहेर आली की ओढून घ्यायची. दिवसभर भुसा उडायचा. तोंडाला फडकं बांधायची सक्ती होती, आणि सक्ती असलेली गोष्ट करायची नाही असा आत्याचा तरुणपणी बाणा होता. तो बाणा आता छातीत शिट्टी वाजवत होता. एरवी काही जाणवायचं नाही. पण काही जड उचलायचं असलं किंवा कुणाला झापायचं असलं की तिला आधी तोंडाने लांब श्वास ओढावा लागायचा, आणि त्या श्वासाच्या शेवटी छातीत बारीकशी शिट्टी वाजायची. मग आवाज फुटायचा. लग्न तिने केलं नव्हतं. जमलं नाही की जमवलं नाही, यावर घरात दोन मतं होती, पण आत्यासमोर दोन्ही मतं गप्प बसायची.

त्या संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे पळपुटीचा बाप, मांडीवर ताट घेऊन टीव्हीसमोर बसला होता. तो बसडेपोत मेकॅनिक होता आणि स्वभावाने थंड. भावजय कोपऱ्यात शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती.

"ताई, पुरे झालं आता," भाऊ म्हणाला. "दोनदा सगळ्यांसमोर शोभा झाली. तिसऱ्यांदा कशाला?"

आत्याने श्वास ओढला. शिट्टी वाजली. भावजयीचा पाय शिलाई मशीनच्या पट्टीवर जागच्या जागी थबकला. भावाने डाव्या हाताने ताट उचललं आणि उजव्या हाताने टीव्हीचा आवाज बंद केला. मागचं दार हललं.

"शोभा? कुणाची शोभा?" आत्या कडाडली. "पोरगी सांगतेय ऐकून निघाले, आणि तुम्ही त्या डबड्यावर विश्वास ठेवता? बाप आहेस की पंच?"

भावजयीने अडकलेला दोरा सोडवला, भावाने ताट परत मांडीवर ठेवलं. हे असं रोज व्हायचं, त्यामुळे यात कुणाला काही बघण्यासारखं वाटलं नाही. पळपुटी घरात नव्हती, यातही काही नवल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सरांनी तिला बाजूला घेतलं. सर शाळेतले खेळाचे शिक्षक, बारीक आवाजाचे आणि कष्टाळू. "तू सगळ्यांच्या शेवटी निघ," ते म्हणाले. "बंदूक वाजू दे, बाकीच्या हलू देत, मग तू ऊठ. तुझ्या पायात जोर आहे. तरीही कदाचित दुसरी येशील."

"कदाचित?"

"लाल कार्डापेक्षा कदाचित बरं."

"दुसऱ्यांचे पाय बघून मी पळणार नाही, सर. मला कान आहेत."

"कान आहेत, पण मनावर ताबा नाही ना!"

"मन ठीक आहे माझं," पळपुटी म्हणाली, आणि जाऊन आपल्या पट्ट्यात बसली. आत्या कठड्यापाशी उभी होती. पोरीचं हे तोंड वर करून बोलणं तिला मनापासून आवडलं, पण चेहऱ्यावर तिने तसं दाखवलं नाही.

खरा सराव व्हायचा तो वखारीच्या मागे. रचलेल्या लाकडांच्या दोन रांगांमधून सरळ लांब बोळ जायचा, माती ट्रकांनी दाबून घट्ट झालेली. आत्याने उरल्यासुरल्या तुकड्यांतून पोरीसाठी ठोकळे ठोकून दिले होते. बंदुकीच्या जागी तिच्याकडे दोन गुळगुळीत फळ्या होत्या. एकमेकींवर आपटल्या की असा आवाज निघायचा की वखारीतली कबुतरं उडायची. पळपुटी दुसरीत असल्यापासून हे असंच चालत आलं होतं.

त्या दिवशी आत्या म्हणाली, "जागेवर." पळपुटी वाकली. "तयार." पळपुटीची कंबर वर गेली. आत्याने फळ्या फाकवल्या, आणि तेवढ्यात बोळाच्या टोकाला एक ट्रक मागे यायला लागला. ड्रायव्हर कानाला फोन लावून भलतीकडेच बघत होता. त्याला चार शब्द सुनावायला आत्याने श्वास ओढला.

पळपुटी सुटली.

"ए शहाण्या, मागे बघ!" आत्या ओरडली ती त्यानंतर. ट्रक करकचून थांबला. पळपुटी बरीच पुढे जाऊन थांबली, वळली आणि चालत परत आली.

"आज फळी हळू वाजवलीस का गं?"

आत्याने हातातल्या फळ्यांकडे पाहिलं. त्या अजून फाकलेल्याच होत्या. "कुठली फळी?"

"आत्ता वाजवलीस ती."

"मी वाजवलीच नाही."

पळपुटी हसली. "चेष्टा नको करूस. मी ऐकली ना."

आत्याला तिचा चेहरा पुरता ठाऊक होता. खोटं बोलताना ही पोरगी डाव्या कानामागे खाजवते. आत्ता ती काहीच खाजवत नव्हती. फळी वाजली नव्हती आणि हिने ती ऐकली होती, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"परत बस," आत्या म्हणाली.

यावेळी तिने मुद्दाम नुसता श्वास ओढला. शिट्टी वाजली आणि पळपुटी सुटली. पुन्हा बसवलं. आता आत्याने तोंड घट्ट मिटून, श्वास न घेताच फळ्या आपटल्या. कबुतरं उडाली तरी पळपुटी बसलेलीच. मग दचकून उठली आणि पायात पाय अडकून जवळजवळ तोंडावर आपटली.

आत्या लाकडाच्या ओंडक्यावर बसली. तिला मैदानावर शर्यत सोडायची बंदूक उडवणारे म्हातारे स्टार्टर आठवले. त्यांच्या छातीवर माईक होता आणि प्रत्येक ठोकळ्यामागे त्याचा छोटा स्पीकर. बंदूक उडवायच्या आधी म्हातारबुवा नाकाने श्वास ओढायचे, आणि तो श्वास आठही पट्ट्यांत ऐकू यायचा. बाकी सात मुलींना त्याचं काय? त्या काही श्वासावर वाढल्या नव्हत्या. ही एकटी वाढली होती. घरात शिट्टी वाजली की मागचं दार आणि बोळात शिट्टी वाजली की पुढची रेघ, एवढंच तिचे पाय शिकले होते.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," पळपुटी म्हणाली. सगळं समजल्यावर तिचा पहिला शब्द हा होता.

"नव्हतीस."

"चल मग, सांगू त्यांना."

सरांना सांगितलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. नीट ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पाय डोक्याला विचारत बसत नाही, ताई. तो निघतो. मागून डोकं येतं आणि सही करतं, की मीच बंदूक ऐकून निघालो. ती खरंच बोलत होती. पण पंचांना काय सांगणार? ते म्हणतील, मग श्वासावर निघू नको."

"बरोबरच म्हणतील," पळपुटी म्हणाली.

"तर आजपासून फळ्या मी वाजवतो. ताई, तुम्ही जरा लांब राहा. रागावू नका."

आत्या रागावली नाही, तिला लागलं. इतकी वर्षं दमून आल्यावर पोरीसाठी फळ्या आपटल्या, आणि आता आपलीच छाती तिच्या आड आली म्हणे. तिने फळ्या सरांपुढे धरल्या.

पळपुटीने त्या मधल्यामधे काढून घेतल्या आणि आत्याच्या हातात परत दिल्या. "आत्याच वाजवणार. त्या आजोबांना काही तुम्ही श्वास घेऊ नका म्हणून सांगणार नाही. मला श्वास ऐकूनसुद्धा थांबायचंय. आणि आत्याच्या शिट्टीपुढे थांबले ना सर, तर मग जगात कुणापुढेही थांबेन."

मग सुरू झालं ते थांबण्याचं शिक्षण. पळायला शिकवणं सोपं असतं, हे आत्याला तेव्हा कळलं. ती कधी शिट्टी वाजवून फळी आपटायची, कधी नुसती शिट्टी वाजवायची. नुसत्या शिट्टीवर थांबायचं, एवढाच नियम. पळपुटी प्रत्येक वेळी सुटायची. दोन पावलांवर तिला कळायचं, मग ती परत येऊन ठोकळ्याला लाथ मारायची.

"सांगते मी पायाला! ऐकतच नाही!"

"मला नको सांगूस. माझी जीभ माझं ऐकते का कधी?"

हे सगळं घरी कळल्यावर भाऊ म्हणाला, "एवढं काय त्यात? शिट्टी वाजली तर वाजली. माणसाने ठरवलं की झालं."

"ठरवलंस?" आत्याने विचारलं.

"ठरवलं."

तो जेवायला बसला. अर्धं जेवण होईपर्यंत आत्या काही बोलली नाही. मग तिने पाण्याचा तांब्या उचलायच्या निमित्ताने श्वास ओढला. भावाचं ताट हवेत होतं. त्याने त्या ताटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातात दिलं आहे. भावजय तोंडाला पदर लावून हसत सुटली. तिच्या लक्षात आलं नव्हतं की तिचाही पाय मशीनवर थांबलेला आहे.

"बाबा, तुम्हाला लाल कार्ड," पळपुटी दारातून म्हणाली. ती स्वतः दाराबाहेर होती, ही गोष्ट वेगळी.

हळूहळू ती थांबायला लागली. नुसत्या शिट्टीवर आधी टाच उचलायची, पुढे तीही उचलेना. आत्याला वाटलं, जिंकलो. पण आता भलतंच झालं. शिट्टीमागून खरोखर फळी वाजली तरी पोरगी उठेना. उठायची, पण उशिरा, जडपणे, कुणी ढकलल्यासारखी. ही फळी खरी की खोटी, अशी शंका पायाच्या आधी उठायची. थांबायचं, थांबायचं असं घोकून तिने सगळं अंगच आवळून टाकलं होतं. जी मुलगी सगळ्यांच्या आधी सुटायची ती आता शाळेतल्या जेमतेम मुलींच्याही मागे राहायला लागली.

सरांनी हातातलं घड्याळ बघितलं आणि खिशात टाकलं. "म्हणूनच म्हणत होतो, शेवटी निघ," ते हळूच म्हणाले. यावेळी पळपुटीने उलट उत्तर दिलं नाही, ठोकळे उचलून बाजूला ठेवले.

चाचणी दोन दिवसांवर आली. आत्याचं कामात लक्ष लागेना. मशीनमध्ये फळी ढकलताना तिला डोळ्यांपुढे लाल कार्ड दिसायचं, आणि त्याखाली मान खाली घातलेली पोरगी. आतापर्यंत पोरीने मान खाली घातली नव्हती. तिसऱ्यांदा घालेल. आणि कारण कोण, तर आपण. हा हिशेब काही केल्या तिच्या गळी उतरेना. जिने आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही ती बाई त्या दिवशी घाबरली, आणि घाबरल्यावर तिला एकच गोष्ट करता यायची.

ती घरी आली. पळपुटी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून बुटांच्या नाड्या धूत होती. मागचं दार उघडं होतं. आत्याने श्वास ओढला. शिट्टी वाजली.

"तू जायचं नाहीस!" ती ओरडली. "परवा जायचं नाही, कळलं? नाव काढून टाकायला सांगते मी सरांना! पुन्हा ते कार्ड दाखवतील, पुन्हा तो माणूस भुवया उडवेल, मला नाही बघायचं ते! माझ्यामुळे कुणी तुला खोटारडी म्हटलेलं मी नाही ऐकून घेणार! हौस पुरे झाली! घरात राहा, शिक, काय पाहिजे ते कर, पण पळणं बंद!"

हे सगळं ती नेहमीप्रमाणे रिकाम्या दाराला ओरडत होती. निदान तिला तसं वाटलं. निम्म्यात तिच्या लक्षात आलं की दार रिकामं नाही.

पळपुटी तिथेच होती. शिट्टी वाजली तेव्हा तिची टाच उचलली होती, गुडघे वाकले होते, खांदा दाराकडे वळला होता. मग ती टाच खाली आली. ओल्या नाड्यांतून पाणी फरशीवर टपकत होतं, आणि ती आत्याच्या तोंडाकडे सरळ बघत उभी होती. भाऊ आणि भावजय दारात येऊन उभे राहिले होते. असं त्या घरात कधी झालं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते कुणालाच सुचेना.

"झालं?" पळपुटीने विचारलं.

"झालं," आत्या म्हणाली. तिचा दम संपला होता.

"एवढंच असतं?"

"म्हणजे?"

"शिट्टीनंतर. मी कधी थांबलेच नाही ना ऐकायला. मला वाटायचं, केवढं काहीतरी येत असेल." पळपुटीने नाड्या पिळल्या. "तू घाबरली आहेस, आत्या. एवढंच आहे त्यात. मला वाटायचं, तू रागावतेस."

भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भावजयीने त्याचा हात दाबला.

"मी परवा जाणार आहे," पळपुटी म्हणाली. "शेवटी निघणार नाही, सगळ्यांबरोबर निघणार आहे. कार्ड दाखवलं तर दाखवलं. मान माझी आहे, मी ती खाली घालणार नाही. आणि तू येणार आहेस. फडकं बांधून ये हवं तर."

आत्याला या पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही न करता ती म्हणाली, "एवढंच म्हणजे काय गं? आख्खी वखार घाबरते मला."

"त्यांना सांग, उभं राहून ऐका म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात आत्याने शिट्टी वाजवली. पळपुटी हलली नाही, आणि या न हलण्यात पहिल्यासारखा आवळलेपणा नव्हता. आत्या ते मागून, तिच्या मानेवरून ओळखू शकली. मान सैल होती. शिट्टी ही आता नुसती शिट्टी होती, म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईच्या छातीतली. मग फळी वाजली. कबुतरं उडायच्या आत पोरगी उठलेली होती. आत्याने पुन्हा पुन्हा फसवून पाहिलं. एकदा ती फसली, बाकी वेळा नाही. सरांनी घड्याळ खिशातून काढलं, बघितलं आणि यावेळी परत ठेवलं नाही.

चाचणीच्या दिवशी तेच मैदान होतं, तेच पंच, आणि माईक लावलेले तेच म्हातारे स्टार्टर. आत्या, भाऊ आणि भावजय कठड्याजवळच्या बाकावर दाटीवाटीने बसले. आत्याने खरोखरच तोंडाला फडकं बांधलं होतं. तरुणपणीचा बाणा त्या एका दिवसापुरता तिने बाजूला ठेवला होता.

"जागेवर," स्टार्टर म्हणाले. आठ मुली वाकल्या.

"तयार." आठ कमरा वर गेल्या. सगळं मैदान गप्प झालं.

आणि आठ स्पीकरांमधून म्हाताऱ्याचा श्वास आला.

आत्या बाकावरून ताडकन उठली. भाऊ पिशवी उचलून उभा राहिला. भावजयीचा पाय जमिनीवर थबकला. या तिघांनाही तिथल्या तिथे लाल कार्ड द्यायला हरकत नव्हती. ट्रॅकवर मात्र पळपुटी होती तशी होती. टाच हलली नाही, बोटं हलली नाहीत. श्वास तिच्या पाठीवरून निघून गेला.

मग बंदूक वाजली.

ती शेवटी निघाली नाही. सगळ्यांबरोबर निघाली, आणि दहा पावलांत सगळ्यांच्या पुढे होती. शेवटाकडे चौथ्या पट्ट्यातल्या उंच मुलीने तिला गाठलं आणि छातीभर अंतराने मागे टाकलं. पळपुटी दुसरी आली. घ्यायच्या दोघी होत्या.

आत्या पुन्हा कठडा ओलांडून गेली. यावेळी कुणी अडवायच्या भानगडीत पडलं नाही. पंचांनी न विचारताच पडदा तिच्याकडे वळवला. रेघ उजवीकडे होती.

"छान," पंच म्हणाले. मनाने चांगलेच होते ते. "खरं बोलायला आणि खेळायला शिकली म्हणायची शेवटी. आधीच जुगार सोडला असता तर दोन कार्डं वाचली असती."

आत्याने फडकं खाली ओढलं आणि श्वास घेतला. शिट्टी वाजली. कठड्यापलीकडे भावाने पिशवी छातीशी धरली आणि भावजय दोन पावलं मागे सरकली. पंचांना काय येतंय याची कल्पना नव्हती, ते हसत उभे होते.

घामाने निथळत, धापा टाकत पळपुटी चालत आली. शिट्टी तिने ऐकली होती, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती सरळ येऊन आत्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"बोल, आत्या," ती म्हणाली. "मी आहे इथे."

"ती तेव्हाही खरंच बोलत होती!" आत्या ओरडली. आवाज पार पलीकडच्या बाकांपर्यंत गेला आणि लोक वळून बघायला लागले. "दोन्ही वेळा! तिने जे ऐकलं तेच सांगितलं! तुमच्या डबड्याला पाय आधी दिसला, पण पोरगी काय ऐकत होती ते नाही दिसलं! भुवया उडवायच्या आधी एकदा तरी विचारायचं होतंत तिला! आज ती तुमच्यामुळे नाही शिकली, तुमच्या कार्डामुळे नाही शिकली! स्वतः शिकली! माझ्यासमोर उभी राहून शिकली!"

पंचांच्या भुवया खाली आल्या होत्या. आत्याला खोकल्याची उबळ आली, तिने ती दाबली, आणि अजून दोन वाक्यं उरली होती तीही बोलून घेतली. पळपुटी शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या शेजारी उभी होती.